जुन्या राइडच्या जागी दर वेळी सिनेमाच का येतो?

विचारलेला प्रश्न असा: मोठी थीम पार्क लोकांच्या लाडक्या जुन्या राइड एकामागून एक बंद का करतात, आणि त्यांच्या जागी दर वेळी कुठल्यातरी सिनेमाचीच राइड का उभी राहते? लोक चिडलेले त्यांना दिसत नाहीत का, विरोधाचा काही उपयोग होतो का, आणि पुढचा नंबर कोणाचा हे आधी ओळखता येतं का?

राइडची आखणी आणि जुन्या राइडची पुनर्बांधणी या कामात मी बरीच वर्षं घालवली आहेत. या विषयावर चिडलेले चाहते आणि पार्कचे प्रवक्ते दोघंही जे बोलतात, त्यातलं बरंचसं मला अर्धवट वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की बहुतेक जुन्या राइड सिनेमा दारात येण्याच्या कितीतरी आधी हिशेबाच्या वहीत संपलेल्या असतात. त्यांच्या देखभालीचा पैसा कोणी द्यायचा, याला उत्तर उरलेलं नसतं. सिनेमा पैसा घेऊन येतो, म्हणून त्याला जागा मिळते. याला अपवाद आहेत, तेही पुढे सांगतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ‘पूर्वी सगळं स्वतंत्र कल्पनेतून यायचं, आता सगळं सिनेमातून येतं’ हे वाक्य फार ऐकू येतं. डिस्नीलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये उघडलं, तेव्हा पहिल्याच दिवशी तिथे पीटर पॅन, स्नो व्हाइट आणि मिस्टर टोड यांच्या राइड होत्या, आणि तिन्ही डिस्ने स्टुडिओच्या स्वतःच्या सिनेमांवरच्या. १९८७ साली ‘स्टार वॉर्स’ सिनेमांवरची ‘स्टार टूर्स’ आली ती १९६७पासून चालत असलेल्या, अणूच्या आत नेणाऱ्या ‘ॲडव्हेंचर थ्रू इनर स्पेस’च्या इमारतीत. आणि जिच्या बंद होण्यावरून अलीकडे सगळ्यात मोठं रणकंदन झालं ती पाण्याच्या पाटातून घसरत नेणारी स्प्लॅश माउंटन? ती स्वतःच १९४६च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या सिनेमावर बेतलेली होती. कॅलिफोर्नियातल्या तिच्या पहिल्या आवृत्तीतले गाणारे-डोलणारे प्राणी तर मोठ्या संख्येने ‘अमेरिका सिंग्ज’ या १९८८ साली बंद पडलेल्या कार्यक्रमातून उचलून आणले होते. जुन्याच्या जागी नवं आणि त्यातही सिनेमाचं, हा प्रकार पार्काच्या जन्मापासूनचा आहे.

तरी त्या तक्रारीत तथ्य आहे, कारण मधे एक काळ खरोखर वेगळा होता. १९६३ साली गाणाऱ्या यांत्रिक पक्ष्यांची टिकी रूम आली, १९६७ साली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’, १९६९ साली ‘हाँटेड मॅन्शन’, १९७५ साली ‘स्पेस माउंटन’, १९७९ साली ‘बिग थंडर माउंटन’, आणि १९८२ साली फ्लोरिडात डिस्नेचं अख्खं एप्कॉट पार्क उघडलं. यांतल्या एकाहीमागे सिनेमा नव्हता. त्या पिढीच्या प्रतिभेला मी कमी लेखत नाही, पण ती प्रतिभा कोणाच्या पैशावर चालली होती हे पाहा. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ १९६४च्या न्यू यॉर्क जागतिक मेळ्यासाठी तयार झाली, युनिसेफच्या निमित्ताने, पेप्सीच्या खर्चाने. त्याच मेळ्यात जनरल इलेक्ट्रिकच्या मंडपातलं फिरतं नाट्यगृह म्हणजे आजचं ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’. फोर्डच्या पैशाने मोटारींची राइड झाली, इलिनॉय राज्याच्या पैशाने बोलणारा लिंकन उभा राहिला. नवं तंत्र शिकायचं, माणसं तयार करायची आणि बिल दुसऱ्याने भरायचं, अशी ती सोय होती.

एप्कॉट तर उभंच या पायावर होतं. ऊर्जेचा मंडप एक्सॉनचा, वाहनांचा जनरल मोटर्सचा, भविष्यातल्या राहणीवरची ‘होरायझन्स’ जनरल इलेक्ट्रिकची, कल्पनाशक्तीचा मंडप कोडॅकचा, समुद्राचा युनायटेड टेक्नॉलॉजीजचा. प्रायोजक ठरावीक मुदतीचा करार करायचा आणि त्या मुदतीत मंडप ताजातवाना राहील याकडे लक्षही ठेवायचा, कारण दारावर त्याचं नाव होतं. मग एकेक करार संपत गेले. जनरल इलेक्ट्रिक १९९३ साली बाहेर पडली. होरायझन्स १९९४च्या अखेरीस बंद झाली, शेजारच्या मंडपांची कामं निघाली म्हणून पुन्हा उघडली, आणि १९९९च्या जानेवारीत कायमची गेली. एक्सॉनमोबिल २००४ साली गेली, तरी ऊर्जेचा मंडप जवळजवळ त्याच अवस्थेत २०१७पर्यंत रेटला गेला. १९९०च्या दशकातले विनोद आणि तेव्हाचं विज्ञान घेऊन तेरा वर्षं! शेवटची काही वर्षं तिथे लोक प्रामुख्याने वातानुकूलित अंधारात बसायला जात, हे कडव्या चाहत्यांनाही मान्य आहे. आज त्या इमारतीतून ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ या सिनेमावरच्या रोलर कोस्टरची सुरुवात होते. ती २०२२ साली उघडली. तिने ऊर्जेच्या मंडपाचा जीव घेतला असं मी म्हणणार नाही. तो मंडप २००४ सालीच अनाथ झाला होता.

आता पार्कच्या कार्यालयात हे कसं घडतं ते सांगतो, कारण बाहेरून हे दिसत नाही. प्रत्येक पार्कचे दोन खिसे असतात: भांडवली खर्चाचा आणि चालू खर्चाचा. नवी राइड पहिल्या खिशातून येते. तिच्यासाठी संचालक मंडळापुढे सादरीकरण होतं, जाहिरातीचा आराखडा होतो, पुढे कित्येक वर्षांत तिची किंमत घसाऱ्याच्या रूपाने वाटली जाते. जुन्या राइडची देखभाल दुसऱ्या खिशातून होते, आणि हा खिसा दर तिमाहीला कापायला सगळ्यात सोपा असतो. समजा तीस वर्षं जुन्या, यंत्राने हलणाऱ्या पुतळ्याच्या हातातले हायड्रॉलिक सिलिंडर बदलायचे आहेत, मूळ भाग बनवणारी कंपनीच आता नाही, म्हणजे ते हाताने घडवून घ्यावे लागणार. एवढा खर्च करून पाहुण्याला काय दिसणार, तर पूर्वी हलायचा तो हात पुन्हा हलतोय. ‘हात पुन्हा हलू लागला’ अशी जाहिरात कोणी करत नाही. त्यामुळे तो अर्ज पुढच्या वर्षावर जातो, मग त्याच्या पुढच्या.

हे सिनेमा नसलेल्या, तुफान चालणाऱ्या राइडलाही चुकत नाही. डिस्नेच्याच फ्लोरिडातल्या ॲनिमल किंग्डम पार्कमधल्या ‘एक्सपिडिशन एव्हरेस्ट’ या रोलर कोस्टरमध्ये २००६ साली सुमारे २५ फुटी यती बसवला. असा झेपावणारा महाकाय पुतळा डिस्नेने तोवर केला नव्हता. काही महिन्यांतच त्याची मुख्य हालचाल थांबली, आणि तेव्हापासून तो एका जागी उभा असतो. लुकलुकत्या दिव्यांनी हलल्याचा भास तेवढा होतो. चाहत्यांनी त्याचं नाव ‘डिस्को यती’ ठेवलं. राइडला रांग लागतेच आहे, मग दुरुस्तीसाठी यती खोलायचा कशाला, हा हिशेब मी अनेक बैठकांमध्ये वेगवेगळ्या शब्दांत ऐकला आहे. आणि रांग लागतेय तोवर त्या हिशेबाला उत्तर देणं फार अवघड असतं.

पुढचा प्रश्न हमखास येतो: एवढी जागा पडली आहे, तर जुनं ठेवून बाजूला नवं बांधा ना. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डकडे सुमारे २५ हजार एकर जमीन आहे. तरीही तिथल्या मॅजिक किंग्डम या पार्कमधली १९७१पासूनची ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ ही कृत्रिम नदी, तिच्यातलं टॉम सॉयर बेट आणि वाफेवर चालणारी होडी २०२५च्या जुलैमध्ये बंद करून तिथे ‘कार्स’ सिनेमाचा भाग बांधायला घेतला. हे वेडेपणाचं वाटतं, पण कारण साधं आहे. नवी राइड वाढवली की तिच्याबरोबर कायमचे कर्मचारी वाढतात, वीज वाढते, तपासणी वाढते, स्वच्छतागृहं आणि रस्ते वाढतात. जुनी काढून नवी घातली तर चालू खर्चाचा आकडा साधारण तिथेच राहतो. शिवाय पार्काच्या मधोमध असलेल्या जागेला पाणी, सांडपाणी, वीज, मालवाहतुकीचा मागचा रस्ता हे सगळं आधीच पोचलेलं असतं, आणि पाहुणा तिथे चालत येतोच. ते बेट हिशेबनिसाला कसं दिसत असेल? बरीच मोठी जागा, दिवसभरात तुलनेने थोडे लोक, खरेदी जवळपास शून्य. मला ते बेट आवडायचं. गर्दीच्या पार्कमध्ये मुलांनी रांगेशिवाय धावावं अशी जागा आता कोणी मुद्दाम बांधणार नाही, आणि तिच्या जाण्याचं नुकसान कुठल्याच तक्त्यात भरता येत नाही. तो तक्त्याचा दोष आहे, पण निर्णय तक्त्यावरच होतात.

सिनेमाचं पारडं एकदम जड झालं ते २०१० साली. त्या वर्षी १८ जूनला ऑरलँडोत युनिव्हर्सल कंपनीच्या ‘आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर’ पार्कमध्ये हॅरी पॉटरचा भाग उघडला. उद्योगातल्या वार्षिक अंदाजांनुसार २००९ साली या पार्कला सुमारे ४६ लाख लोक आले होते. २०११ साली तो आकडा ७६ लाखांच्या वर गेला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लोक राइडमधून उतरून निघून जात नव्हते. जादूची कांडी, झगा, बटरबिअर विकत घ्यायलाही रांगा लागत होत्या. त्यानंतर आमच्या धंद्यात कोणीही कल्पना मांडली की पहिला प्रश्न ‘ही कुठल्या सिनेमाची?’ असा व्हायला लागला. चार वर्षांनी, २०१४च्या जुलैमध्ये, युनिव्हर्सलच्याच शेजारच्या पार्कात हॅरी पॉटरमधली बाजारगल्ली ‘डायगन ॲली’ उघडली ती ‘जॉज’ या शार्कच्या सिनेमाची राइड आणि तिच्याभोवतीचं गाव पाडून. दोन्ही पार्कांना जोडणारी हॉगवर्ट्सची आगगाडी ठेवली, आणि तिच्यात बसायला दोन्ही पार्कांचं तिकीट लागतं. धंदा म्हणून याला मी आजही दाद देतो.

जॉजबद्दल एक सांगायला हवं, कारण तिची आठवण फार गोड झाली आहे. खऱ्या पाण्यात, पाहुण्यांच्या होडीपासून हातभर अंतरावर टनावारी यांत्रिक मासा झेपावत ठेवायचा, हे यंत्राच्या दृष्टीने दुःस्वप्न आहे. १९९० साली ती राइड उघडली, सतत बिघडली, बंद करून जवळजवळ नव्याने बांधावी लागली आणि १९९३ साली पुन्हा सुरू झाली. २००५च्या सुमारास इंधन महागलं तेव्हा ती पुन्हा काही काळ बंद ठेवली होती. जपानात ओसाकाच्या पार्कमध्ये ती अजून चालते, तेव्हा अशक्य काहीच नव्हतं. पण खर्चिक नक्कीच होतं. आणि तीही सिनेमाचीच राइड होती. सिनेमाने सिनेमाला खाल्लं. ‘बॅक टू द फ्यूचर’च्या जागी २००८ साली ‘सिम्पसन्स’ आले तेही जवळपास तसंच, फक्त ते टीव्ही मालिकेतले.

आता अपवाद. कॅलिफोर्नियात डिस्नेच्या पार्कमधला, लिफ्ट कोसळल्याचा थरार देणारा ‘टॉवर ऑफ टेरर’ २०१७च्या सुरुवातीला बंद झाला तेव्हा तो धडधाकट होता, गर्दी खेचत होता, वयही जेमतेम बारा-तेरा वर्षांचं. काही महिन्यांत त्याच लिफ्ट यंत्रणेवर नवे पडदे, नवा रंग, नवी गाणी चढवून ‘गार्डियन्स’ची राइड सुरू झाली. इथे अनाथपणाचं कारण चालत नाही. टॉवर ज्या टीव्ही मालिकेवर बेतला होता त्या ‘ट्वायलाइट झोन’चं नाव बाहेरच्या कंपनीचं आहे आणि गार्डियन्स घरचे आहेत; कमी खर्चात, कमी वेळात नवी जाहिरात मिळते; इतर काही पार्कांत जुना टॉवर उभा आहेच. माझ्या मते हा निव्वळ संधी साधण्याचा प्रकार होता. राइड म्हणून ती मजेदार आहे हे मात्र नाकारता येणार नाही: पडण्याचे वेगवेगळे क्रम बसवलेले आहेत आणि गाणं बदललं की क्रमही बदलतो.

स्प्लॅश माउंटनचं कारण आणखी वेगळं. मूळ सिनेमातलं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं चित्रण इतकं अडचणीचं होतं की कंपनीने तो अमेरिकेत घरी पाहण्यासाठी कधी विक्रीलाच आणला नाही. २०२०च्या जूनमध्ये बदलाची घोषणा झाली, आणि २०२४ साली दोन्ही अमेरिकी पार्कांत ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या सिनेमावरची ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ सुरू झाली. पाट तोच, उतार तेच. नवे पुतळे पाहिले तेव्हा मी खरंच थक्क झालो. चेहऱ्याच्या इतक्या बारीक हालचाली जुन्या हायड्रॉलिक पुतळ्यांना शक्य नव्हत्या. गोष्ट मात्र फसली आहे. जुन्या राइडमध्ये ससा कोल्ह्याच्या तावडीत सापडतो आणि काटेरी झुडपात फेकला जातो. ते फेकलं जाणं म्हणजेच तो शेवटचा सुमारे ५२ फुटांचा उतार. सगळी राइड त्या एका क्षणाकडे सरकत असते. नव्या गोष्टीत खलनायक नाही, धोका नाही, वादकांची जमवाजमव आहे. मग कडा येतो तेव्हा आपण का पडतोय हे गोष्ट सांगत नाही. यंत्र बदलायचं नसेल तर त्या यंत्राला शोभेल अशी गोष्ट निवडावी लागते, हा आमच्या कामातला अगदी प्राथमिक नियम.

इथून मी टीकाकारांच्या बाजूला येतो. हाँटेड मॅन्शनमध्ये नायक कोण? पायरेट्समध्ये? कोणीच नाही, किंवा तुम्ही. भुतं तुम्हाला पाहतात, चाचे तुमच्या डोक्यावरून तोफा डागतात. त्या राइड रचणाऱ्यांपैकी मार्क डेव्हिस यांचं मत स्पष्ट होतं की राइड हे सलग गोष्ट सांगायचं माध्यमच नाही. तिथे एकेक प्रसंग, एकेक जागा, एकेक विनोद उभा करायचा. सिनेमाच्या राइडमध्ये बहुतेक वेळा उलटं होतं. ओळखीची पात्रं पडद्यावर किंवा पुतळ्यांच्या रूपात येतात, त्यांचं काहीतरी बिनसतं, ते सावरतात, तुम्ही बाजूने जाता. सिनेमा पाहिला नसेल तर निम्मी राइड कोरडी जाते. म्हणूनच सिनेमांत मी दोन जाती मानतो: काही तुम्हाला जागा देतात, काही फक्त चेहरे. हॉगवर्ट्समध्ये राहावंसं वाटतं, ‘कार्स’मधल्या रेडिएटर स्प्रिंग्ज गावात संध्याकाळी दिवे लागताना थांबावंसं वाटतं, कॅलिफोर्नियातला तो भाग २०१२चा आहे आणि पात्रं बाजूला ठेवली तरी टिकेल. याउलट मॅजिक किंग्डममध्ये २००४ साली ‘एलियन एन्काउंटर’ हा भीतिदायक, सिनेमा नसलेला कार्यक्रम काढून त्याच खुर्च्यांवर ‘लिलो अँड स्टिच’ सिनेमातला ‘स्टिच’ बसवला. पात्र गोड होतं, पण खुर्चीत जखडून अंधारात घाबरवण्याची यंत्रणा आणि ते पात्र यांचा काही संबंध नव्हता. तो कार्यक्रम कोणालाच धड आवडला नाही आणि २०१८ साली गुपचूप संपला.

आणखी एक गोष्ट स्टुडिओंच्या स्वतःच्या फायद्याची, तरी दुर्लक्षित. २००३ साली पायरेट्सचा पहिला सिनेमा आला आणि एका राइडमधून अब्जावधी डॉलरांची मालिका निघाली. ती राइड १९६७ साली ‘कुठल्या सिनेमाची?’ हा प्रश्न विचारून बांधली असती तर ही मालिका जन्मली नसती. नव्याने स्वतंत्र राइड चालत नाहीत असंही नाही. हाँगकाँग डिस्नीलँडमध्ये २०१३ साली उघडलेली ‘मिस्टिक मॅनर’ पाहा: एक संग्राहक, त्याचं माकड, जादूची संगीतपेटी, डॅनी एल्फमन यांचं संगीत, आणि मागे एकही सिनेमा नाही. त्या दशकातल्या सगळ्यात चांगल्या राइडांत मी तिला धरतो.

युरोपातली दोन उदाहरणं मला फार बोलकी वाटतात. जर्मनीतल्या रुस्ट इथल्या ‘युरोपा-पार्क’मध्ये २०१८च्या मे महिन्यात आग लागली आणि १९८७ची ‘पायरेट्स इन बटाविया’ ही होड्यांची राइड जळून गेली. मोकळी जागा, विम्याचा पैसा, नवं काहीही करायची मुभा! तरी त्यांनी तीच राइड त्याच नावाने, नव्या तंत्राने पुन्हा बांधली आणि २०२०च्या जुलैमध्ये उघडली. नेदरलँड्समधल्या ‘एफ्टेलिंग’ने १९७८चा झपाटलेला वाडा २०२२ साली बंद केला. लोक हळहळले. पण त्याच्या जागी २०२४च्या ऑक्टोबरात जे आलं त्याचं नावच ‘दान्स माकाब्र’: जुन्या वाड्यात वाजणारी फ्रेंच संगीतकार साँ-साँस यांची त्याच नावाची रचना हीच नव्या राइडचा कणा झाली. यातलं पहिलं पार्क माक कुटुंबाच्या मालकीचं आहे आणि दुसरं एका न्यासाचं. दोन्ही पार्क हॉलीवूडच्या मोठ्या स्टुडिओच्या मालकीची नाहीत, त्यामुळे पार्क कुठल्या सिनेमाची जाहिरात करतंय का हा प्रश्न त्यांच्यापुढे फारसा नसतो. मालक कोण, यावर राइडचं भवितव्य चाहत्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त अवलंबून असतं.

विरोधाचा उपयोग होतो का? बंद होण्याआधी केलेल्या विरोधाचा, जवळजवळ नाही. मॅजिक किंग्डममधली मिस्टर टोडची राइड वाचवायला लोक १९९७-९८ साली टी-शर्ट घालून जमले, पत्रं पाठवली, निदर्शनं केली. ७ सप्टेंबर १९९८ रोजी ती बंद झालीच आणि पुढच्या वर्षी तिथे विनी द पू आला. नव्या राइडच्या भिंतीवर एक चित्र आहे: टोड महाशय पूच्या गोष्टीतल्या घुबडाच्या हाती मालमत्तेचा दस्त सोपवताहेत. आंदोलकांच्या पदरात तेवढंच पडलं. कारण असं की घोषणा होते तेव्हा आराखडे पुरे झालेले असतात, यंत्रांची कंत्राटं दिलेली असतात. तिथून मागे फिरणं म्हणजे खर्च झालेला पैसा पाण्यात.

नवं आलेलं पडलं की मात्र चमत्कार होतात. एप्कॉटच्या कल्पनाशक्तीच्या मंडपातून १९९८ साली फिगमेंट हा जांभळा ड्रॅगन जवळपास हद्दपार केला. लक्षात घ्या, इथे कुठलाही सिनेमा नव्हता, फक्त कमी खर्चातलं नूतनीकरण होतं. १९९९ साली उघडलेली ती आवृत्ती इतकी नापसंत झाली की २००१ साली ती बंद केली आणि २००२ साली फिगमेंटला परत आणलं. मॅजिक किंग्डमच्या टिकी रूममध्ये १९९८ साली ‘अलादीन’मधला इयागो आणि ‘लायन किंग’मधला झाझू घुसवले होते, जुन्या गाण्यांची टिंगल करणारा तो प्रयोग बरीच वर्षं रेटला. २०११च्या जानेवारीत तिथे छोटी आग लागली, आणि त्याच वर्षी पार्कने जुना कार्यक्रम थोड्या काटछाटीने परत सुरू केला. सगळ्यात शहाणपणाची वाट मला हाँटेड मॅन्शनची वाटते. कॅलिफोर्नियात २००१पासून जवळजवळ दर वर्षी काही महिने तिच्यावर ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’चा साज चढतो आणि मग उतरवला जातो. सिनेमाला त्याचा धंदा मिळतो, मूळ राइड शाबूत राहते, आणि साज चढवताना-उतरवताना ती वर्षातून दोनदा बंद राहत असल्याने बारकी दुरुस्तीही होऊन जाते.

तेव्हा काही करायचंच असेल तर घोषणेनंतरच्या सह्यांच्या मोहिमेपेक्षा घोषणेच्या पाच वर्षं आधीची तक्रार जास्त कामाची. पुतळा बंद आहे, आवाज येत नाही, दिवा गेला आहे, असं पार्कच्या पाहुणे-कक्षात नेमकं लिहून द्या. या नोंदी विषयवार मोजल्या जातात आणि देखभालीचा अर्ज करणाऱ्या माणसाच्या हाती तेवढंच हत्यार असतं. बाहेर पडताना सर्वेक्षणवाला थांबवतो तेव्हा टाळू नका. ‘आज कशासाठी आलात’ या प्रश्नात जुन्या राइडचं नाव घ्या. आणि मुख्य म्हणजे मधल्या रिकाम्या वर्षांत तिच्यात बसा. शेवटच्या आठवड्यात लागलेली तासन्‌तासांची रांग कोणी मागणी म्हणून धरत नाही.

पुढचा नंबर कोणाचा, हे बरंचसं ओळखता येतं. दारावरची प्रायोजकाची पाटी निघाली आणि नवी लागली नाही, हे पहिलं लक्षण. मग राइड पार्कपेक्षा उशिरा उघडायला लागते किंवा फक्त गर्दीच्या मोसमात चालते. होड्या किंवा डबे निम्मेच सोडले जातात. बंद पडलेल्या पुतळ्यांवरचा प्रकाश हळूच कमी केला जातो; ते दुरुस्त करायचं नाही हे ठरल्यावरच असं करतात. बाहेरच्या दुकानात राइडच्या नावाचा माल दिसेनासा होतो आणि भलत्याच सिनेमाचा माल येतो. सगळ्यात खात्रीचं लक्षण म्हणजे त्या सिनेमाची पात्रं राइडच्या शेजारी फोटो काढायला उभी राहू लागणं, कारण पार्क तिथे रांगेची लांबी मोजून पाहत असतं. एप्कॉटच्या नॉर्वे मंडपात १९८८पासून ‘मेलस्ट्रॉम’ ही होड्यांची राइड होती. २०१३च्या अखेरीस, ‘फ्रोझन’ प्रदर्शित होत असताना, ॲना आणि एल्सा त्या मंडपात पाहुण्यांना भेटू लागल्या आणि त्यांची रांग राइडच्या रांगेहून कितीतरी लांब जायला लागली. २०१४च्या सप्टेंबरात मेलस्ट्रॉम बंद करण्याची घोषणा झाली, आणि २०१६च्या जूनमध्ये त्याच होड्या त्याच पाटातून एल्साकडे जाऊ लागल्या.